कोऱ्या पानाला 10 पैकी 9

‘घरबसल्या बी.एस्सी. हॉर्टिकल्चर, शासन नोंदणीकृत संस्था’ अशी रंगीत पत्रिका हाती पडली तेव्हा प्रस्तुत लेखिकेला निफाड तालुक्यातली द्राक्षबाग, सासूबाईंचे पथ्यपाणी आणि लग्नात अर्धवट सुटलेले शिक्षण, सगळेच एकदम सांभाळायचे होते. नाशिकचे मुक्त विद्यापीठ जवळचेच, पण तिथल्या प्रवेशाची मुदत उलटून गेली होती. या संस्थेत मुदत नावाचा प्रकारच नव्हता. प्रवेश बारमाही.

फोनवर बोलणारा समुपदेशक मोठा गोडबोल्या. मान्यतेचे विचारले की म्हणायचा, ‘ताई, आपण आयएसओ आहोत ना!’ फी भरेपर्यंत लेखिका ‘ताई’ होती, भरल्यावर ‘मॅडम’ झाली आणि तक्रार केल्यावर ‘कोण बोलतंय?’

पार्सलमधून आल्या त्या इंग्रजी नोट्सच्या झेरॉक्स. त्यांत लिहिलेले, द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून एकदा, जानेवारीत, वेल सुप्तावस्थेत असताना करावी. उत्तर भारतात ते ठीक. तिथे थंडीने वेलीची पाने गळतात. नाशिककडे वेलीला अशी झोप लागत नाही. इथे छाटण्या दोन. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नवी काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत साधारण 40 ते 60 दिवसांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तोच घड बाहेर पडतो. त्या दिवसांत काडीला ऊन कमी मिळाले, तर ऑक्टोबरमध्ये कितीही औषधे मारा, घड मोजकेच निघणार. शेजारच्या बागेतला सालगडी हे झोपेतही सांगेल. नोट्समध्ये त्याची एक ओळ नव्हती. डाळिंबाच्या धड्यात मृग, हस्त, आंबिया यांपैकी एकाही बहाराचे नाव नव्हते.

तरी लेखिकेने प्रात्यक्षिक वही मनापासून लिहिली. बागेतली पाने वाळवून चिकटवली, कलमांच्या आकृत्या काढल्या. माती परीक्षणाचे पान मात्र कोरे राहिले. साहित्य आले नव्हते, कृती सांगणाराही कोणी नव्हता. शीर्षक लिहून खाली जागा सोडली आणि सोबतच्या पत्रात तसे कळवले.

वही तपासून परत आली. त्या पानावर शीर्षकाखाली लाल शाईत बरोबरची खूण, कोणाची तरी वळणदार सही आणि गुण 10 पैकी 9. शेजारच्या, रात्र जागून लिहिलेल्या पानालाही 9. कापलेला एक गुण कशाचा, एवढेच लेखिकेने फोनवर विचारले. पलीकडून उत्तर आले, ‘सगळ्यांना पूर्ण दिले तर संशय येतो, मॅडम.’

मग कागद तपासणे आले. ‘शासन नोंदणीकृत’ म्हणजे 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंद. भजनी मंडळही तशी नोंद करू शकते. आयएसओ 9001 हे कामकाजाच्या पद्धतीचे प्रमाणपत्र आहे, पदवीची मान्यता नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यातील कलम 22 नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा हक्क दिलेल्या संस्थांनाच आहे. सर्वांत झोंबणारी गोष्ट पुढची: आयोगाच्या 2020 च्या दूरशिक्षण नियमावलीत जे विषय दूरस्थ पद्धतीने शिकवायला मनाई आहे, त्यांत कृषी आणि उद्यानविद्या यांची नावे स्पष्ट आहेत. ही पदवी घरबसल्या मिळणारच नव्हती, आणि पत्रिका छापणाऱ्याला ते ठाऊक नसेल असे लेखिका मानत नाही.

ज्यांना खरोखर शिकायचे आहे त्यांनी आधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर जावे. नुसते संस्थेचे नाव सापडून भागत नाही; अभ्यासक्रम आणि वर्षही जुळले पाहिजे. पत्रिकेत एखाद्या विद्यापीठाशी संलग्नता छापली असेल, तर त्या विद्यापीठालाच फोन करावा, पत्रिकेवरच्या क्रमांकावर नव्हे. समुपदेशकाला द्राक्षाच्या छाटण्या किती, डाळिंबाचे बहार कोणते, हे विचारावे. तो अडखळला तर फोन ठेवावा.

पदवीचा हट्ट नसेल तर रस्ते आहेत. 1989 साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात कृषी विज्ञानाची वेगळी विद्याशाखा आहे आणि पुस्तके मराठीत आहेत. यंदा कोणते अभ्यासक्रम चालू आहेत आणि प्रात्यक्षिके कुठल्या केंद्रावर होतात, हे विचारून, ते केंद्र डोळ्यांनी पाहून मगच नाव घालावे. कृषी विज्ञान केंद्रांची छोटी प्रशिक्षणे तर पाहावीतच. आंब्याचे कोय कलम कागदावर दोन रेघांचे असते. हातात घेतल्यावर कळते की रोपाची पाने तांबूस, कोवळी असतानाच खुंट कापायचा, मधोमध उभी चीर द्यायची, कलमकाडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप द्यायचा आणि निदान एका बाजूची साल सालीला भिडवून पॉलिथिनची पट्टी घट्ट आवळायची. पट्टी सैल राहिली की आत पाणी जाऊन काडी काळी पडते.

बाकी नेहमीचेच: रोज थोडे वाचावे, शंका लिहून ठेवाव्यात, चिकाटी सोडू नये. चिकाटी लेखिकेकडेही भरपूर होती, पण ती तपासायला संस्थेत कोणी नव्हते.

ज्यांची फी अशीच अडकली आहे त्यांनी पत्रिका, पावत्या आणि तपासलेल्या वह्या फेकू नयेत. तक्रार फोनवर नको, लेखीच करावी. लेखिकेच्या पत्राची पोचपावती आली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.