तळ्याच्या तळाशी लिहिलेला इतिहास

कॅनडा देशातील ओंटॅरिओ प्रांतात क्रॉफर्ड नावाचे एक तळे आहे. तळे अगदी लहान, जेमतेम अडीच हेक्टरांचे. पण खोली मात्र सुमारे २४ मीटर! सात मजली इमारत त्यात सहज बुडेल.

इतक्या खोल तळ्यात वरचे पाणी तळाच्या पाण्यात सहसा मिसळत नाही. म्हणून तळाचा गाळ ढवळला जात नाही. उन्हाळ्यात पाणी तापते, तेव्हा त्यातील चुना वेगळा होऊन खाली बसतो. हा थर पांढरा असतो. पानगळीच्या दिवसांत मेलेले शेवाळ व पालापाचोळा खाली जातो. हा थर काळपट असतो. असे दोन थर मिळून एक वर्ष झाले. झाडाच्या खोडातील वर्तुळे मोजतात ना, तसेच हे थर मोजता येतात.

पण असला मऊ गाळ वर काढायचा कसा? धक्का लागला तर थर विस्कटणार! शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. धातूच्या पोकळ पेटीत कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, भरून ती गाळात सोडली. गाळ गोठून पेटीला चिकटला आणि थरांसकट वर आला.

या गाळात मक्याचे परागकण सापडले. ते जड असतात; वाऱ्याबरोबर फार दूर जात नाहीत. तेव्हा मक्याची शेते तळ्याजवळच असली पाहिजेत. मग आसपास शोध सुरू झाला आणि खरोखरच एक जुने गाव सापडले! तेथे इरोक्वॉय भाषा बोलणारे मूळ रहिवासी राहत. त्यांच्या एकेका लांबलचक घरात अनेक कुटुंबे नांदत. थर मोजून त्यांच्या शेतीचा काळही कळला : इ. स. १२६८ ते १४८६.

या लोकांजवळ रासायनिक खते नव्हती, कारखाने तर नव्हतेच. पण त्यांनी जंगल तोडून शेते केली. पावसाबरोबर माती, राख, घाण तळ्यात वाहून आली. तिच्यात नत्र व स्फुरद ही द्रव्ये असतात. पिकांना ती पोसतात, तशीच शेवाळालाही पोसतात. सांडपाणी मिसळलेले हिरवेगार डबके तुम्ही पाहिले असेल. त्याचे कारण हेच.

डायटम नावाचे सूक्ष्म शेवाळ असते. त्याचे कवच काचेसारखे असून गाळात शतकानुशतके टिकते. ही कवचे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा आढळले की शेती सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत तळ्यातील डायटमच्या जाती बदलल्या. पंधराव्या शतकात वस्ती ओसरली. शेतांवर पुन्हा झाडे वाढली. तळे मात्र पूर्वीसारखे झाले नाही. जुन्या जातींचा तो मेळ परत आलाच नाही.

१८६७ नंतर तेथे पुन्हा शेती वाढली. शेवाळही पुन्हा वाढले. पण नवल असे, की या वेळी डायटमच्या जातींत पहिल्याइतका मोठा बदल झाला नाही. लाकडी अवजारांनी मका पिकवणाऱ्या एका खेड्याने तो आधीच घडवला होता.