मालवाहतुकीतील श्रमतास : आर्थिक स्थितीचा एक निर्देशक

एखाद्या तालुक्यातील व्यवहार वाढत आहेत की मंदावत आहेत, हे जाणण्यासाठी आपण बहुधा उत्पादनाचे व किमतींचे आकडे पाहतो. परंतु हे आकडे हाती येईपर्यंत बराच काळ लोटलेला असतो. माल वाहणाऱ्या माणसांच्या कामाच्या तासांत मात्र बदल लवकर दिसू लागतो. मागणी घटली की मालक प्रथम माणसे कमी करीत नाही. तो आधी जादा काम बंद करतो, मग खेपा कमी करतो आणि अखेरीस माणसांना रजा देतो. मागणी वाढतानाही नवी भरती करण्यापूर्वी असलेल्या माणसांकडूनच अधिक तास काम करून घेतले जाते. यास्तव कामगारांच्या संख्येपेक्षा श्रमतास हा अधिक संवेदनशील निर्देशक होय. दहा माणसांनी प्रत्येकी आठ तास काम केले, तर ऐंशी श्रमतास झाले. संकल्पना इतकी साधी आहे.

रेल्वेच्या मालवाहतुकीत हा निर्देशक वापरणे विशेष सोयीचे असते, कारण तेथे कर्मचारी कामावर येण्याची व सुटण्याची वेळ नोंदविली जाते. ही नोंद सहजासहजी मिळालेली नाही. रेल्वे कामगारांचे तास व विश्रांती यांविषयी न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांनी 1947 साली निवाडा दिला. पुढे मे 1974 च्या देशव्यापी संपातही कामाच्या तासांचा प्रश्न होताच. जो आकडा आज अर्थशास्त्रज्ञ हिशेबासाठी घेतो, तो मुळात कामगाराने आपल्या विश्रांतीसाठी मागितलेला आहे, हे विसरू नये.

गोव्यात या निर्देशकाचा पहिला धडा रुळांवर नव्हे, तर डिचोलीच्या रस्त्यांवर मिळतो. येथील लोहखनिज खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत ट्रकने आणि तेथून बार्जने मुरगाव बंदराकडे जाते. 2010-11 साली गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. 2012 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रथम राज्य शासनाच्या व नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या. 2014 साली न्यायालयाने वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली; मार्च 2018 पासून काम पुन्हा बंद पडले. लिलावानंतर डिचोली खनिज पट्ट्यातील काम 2024 साली सुरू झाले. या काळात ट्रक दारातच उभा असला, तरी कर्जाचा हप्ता थांबत नव्हता. ट्रकांची संख्या मोजणाऱ्यास या संकटाची तीव्रता कळली नसती. चालकांचे तास मोजणाऱ्यास ती पहिल्याच आठवड्यात कळली असती.

तथापि केवळ तास पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. समजा, दहा टनांचा एक ट्रक आठ तासांत सहा खेपा करतो. धक्क्यावर रांग लागली आणि त्याच आठ तासांत चारच खेपा झाल्या, तर श्रमतास तितकेच राहतील, माल मात्र साठ टनांवरून चाळीस टनांवर येईल. चालकास खेपेनुसार मोबदला मिळत असेल, तर त्याची कमाईही एक तृतीयांशाने घटेल. शाळेत त्रैराशिक शिकविताना शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य घ्यावे. डिचोलीतील मुलांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

दुसरा धडा पेडण्याचा आहे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग 1998 साली खुला झाला. मडुरे व पेडणे या स्थानकांदरम्यानच्या बोगद्याने बांधकामाच्या वेळीही मऊ मातीमुळे फार त्रास दिला होता. 6 ऑगस्ट 2020 रोजी या बोगद्यातील भिंतीचा काही भाग कोसळला आणि गाड्या पुणे, मिरज, लोंढा या लांबच्या मार्गाने वळवाव्या लागल्या. जुलै 2024 मध्ये बोगद्यात पाणी शिरल्याने वाहतूक पुन्हा खोळंबली. वळविलेल्या मार्गाने तोच माल नेण्यास अधिक तास लागतात. त्या दिवसांचे श्रमतास पाहून कोणी भरभराटीचा निष्कर्ष काढला असता, तर तो उलट ठरला असता. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबण्यात जाणारा वेळही याच सदरात मोडतो.

उलट दिशेनेही चूक संभवते. 2022 साली या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. अधिक समर्थ इंजिन व अधिक लांब गाडी यांमुळे तितक्याच मालासाठी कमी श्रमतास लागू शकतात. तेथे तास घटणे म्हणजे मंदी नव्हे. मात्र वाचलेल्या तासांचा लाभ कामगारास विश्रांतीच्या रूपाने मिळतो की त्याची जागाच रद्द होते, हा प्रश्न आकड्यांत दिसत नाही. कोकण रेल्वेवर 1999 पासून भरलेले ट्रकच वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा आहे. तीत चालक प्रवासभर ट्रकाबरोबर असतो, पण ट्रक चालवीत नाही. त्याचे हे तास श्रमाचे मानावेत की नाहीत? लेखकाच्या मते मानावेत, कारण तो त्या वेळी घरी नसतो.

सारांश नोंदवहीत श्रमतासांचा एकच रकाना ठेवणे पुरेसे नाही. माल हलला ते तास, थांबून राहिल्याचे तास आणि वाहिलेले टन असे तीन रकाने शेजारी शेजारी हवेत. धक्क्यावरच्या कारकुनाजवळ ट्रक आल्याची व सुटल्याची वेळ लिहिलेली असेल, तर दुसरा रकाना त्यातूनच भरता येतो.