शाब्दिक उदाहरण आणि बालकाची अडचण

प्रश्न : माझा दुसरीतील मुलगा बेरीज-वजाबाकी बिनचूक करतो, परंतु शाब्दिक उदाहरणात ‘जास्त’ हा शब्द दिसला, की बेरीजच मांडतो. काय करावे? — एक माता, सातारा

उत्तर : आपल्या चिरंजीवांची गणिती बुद्धी शाबूत आहे, याविषयी खातरजमा असू द्यावी; अडचण आहे ती भाषेत दडलेला प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्याची. हडसन नामक संशोधकाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पक्षी आणि त्यांहून थोडे किडे यांचे चित्र दाखवून ‘किड्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?’ असे विचारले, तेव्हा पहिलीतील पुष्कळ मुले अडखळली; पण तेच चित्र पुढे ठेवून, प्रत्येक पक्षी एकेक किडा टिपावयास धावला तर किती पक्षी उपाशी राहतील, असे विचारताच त्यांना उत्तर सहज साधले. वजाबाकी तीच, पालटली ती केवळ शब्दयोजना.

यास्तव ‘जास्त म्हणजे बेरीज’ अशा किल्ल्या मुलाच्या हाती मुळीच देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. ‘राधेजवळ ८ चिंचोके आहेत, ते गणूच्या चिंचोक्यांहून ३ने जास्त आहेत, तर गणूजवळ किती?’ येथे ती किल्ली ५ ऐवजी ११ वर नेऊन सोडते. अशा वेळी लेखणी बाजूस ठेवून खरेच चिंचोके घ्यावेत, दोघांच्या ओळी समोरासमोर लावाव्यात आणि गोष्ट मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावी. कधी मुद्दाम आकडे गाळूनच उदाहरण वाचावे. उत्तर आल्यावर ‘जास्त चिंचोके कोणाजवळ?’ एवढेच विचारावे, आणि चूक त्याची त्यालाच सापडेपर्यंत, कितीही वेळ लागो, आपण धीर धरावा.