भिंतीजवळ ड्रोन का ओढला जातो?

लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या आपल्या पुष्कळ तरुणांनी ड्रोन घेतले आहेत. कित्येकांचे हप्ते अजून फिटायचे आहेत. देवगड तालुक्यातील विजयदुर्गच्या तटाशी मागे आमचेच यंत्र दगडावर आपटले. दोष आम्ही वाऱ्याला दिला, पण वारा त्या दिवशी पडलेलाच होता.

ड्रोनचा पंखा वरची व आजूबाजूची हवा ओढून खाली फेकतो. एका बाजूस भिंत आली की तिकडून हवा मोकळी येत नाही. मधला दाब उतरतो आणि यंत्र भिंतीकडे झुकते. अंतर पंख्याच्या व्यासाएवढे उरले की ही ओढ चांगलीच जाणवते. कमानीखाली तर यंत्र वर छताकडे खेचले जाते! शिवाय उंच तटाशी उपग्रहाचे संकेत अडतात, त्यामुळे यंत्राला एका जागी ठरता येत नाही.

समुद्राचा वारा असला की तटाच्या आतल्या अंगाला भोवरे उठतात. ती बाजू शांत वाटते, पण फसवी असते. म्हणून दोन-तीन मीटर लांब राहावे, पंख्यांना गार्ड लावावेत, जवळचे दृश्य झूमने घ्यावे. विजयदुर्ग हे संरक्षित स्मारक असून २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेथील परवानगी बयाणा घेण्याआधीच काढावी.