धार ते धार

अगं, परवा तू मोबाईलवर कुणाचे तरी लडाखचे फोटो बघत बसली होतीस आणि दुधाची किटली तशीच उघडी पडली होती. तेव्हा मी काही बोलले नाही. रात्री मात्र झोप लागेना, म्हणून हे वहीत लिहून ठेवते. तोंडी सांगितलं की तू "हो आजी, हो आजी" करतेस आणि मी निम्मं विसरते.

हौस मलाही होती. झेडपीच्या शाळेत भूगोल शिकवला, पोरांकडून नाईल आणि डॅन्यूब गिरवून घेतल्या, पण स्वतः मुक्कामाला घराबाहेर राहिले त्या रात्री बोटांवर मोजाव्यात. दावणीला गाई होत्या. त्यात तुझ्या आजेसासऱ्यांना लकवा झाला आणि ते नऊ वर्षं अंथरुणाला खिळले. गाईला सुट्टी कळत नाही. पहाटे पाचला कास भरते, संध्याकाळी पाचला परत भरते. एका रविवारी मी रागारागानं हिशेब मांडला. धार, डेअरीवर दूध, ह्यांचं अंग पुसणं, चहा-न्याहारी हे सगळं उरकून आठला मोकळी, आणि चारला परत आंबोण भिजवायला हजर. हातात राहिले आठ तास. मग शाळेतला तालुक्याचा नकाशा घरी आणला आणि नारायणगावापासून दोरा लावून बघितला, आठ तासांत कुठवर जाऊन येता येतं. जुन्नर सगळा बसला, आंबेगावही बराचसा बसला. बसली नाही ती रात्र.

पहिलं सांगणं. माणूस आजारी असेल तर त्याच्याजवळ बसायला कोणीतरी लागतं, आणि ते फुकट मागायचं नाही. माझी धाकटी जाऊ दुपारी ह्यांच्याजवळ बसायची. बदल्यात तिच्या म्हशीची धार महिन्यातून दोनदा मी काढायचे. म्हैस लाथाळ होती, पण व्यवहार चोख राहिला. उपकारावर काढलेली सहल दुसऱ्यांदा निघत नाही गं.

दुसरं, एका दिवसाला एकच ठिकाण. पुण्या-मुंबईची मंडळी लेण्याद्री, ओझर आणि शिवनेरी एका दिवसात 'करून' जातात. लेण्याद्रीला पिशवीतला प्रसाद माकडं नेतात आणि यांच्या लक्षात राहतं ते तेवढंच. डोंगर कोरून केलेलं ते दालन आहे, गणपती तिथं मागाहून आला, आत एवढी मोठी जागा आणि आधाराला एक खांब नाही, हे बघायला मान वर करावी लागते. घाईत मान वर होत नाही.

शिवनेरीवर तू शाळेच्या सहलीत गेली असशील. 1630 साल, शिवजन्माची इमारत, पाळणा, शिवाई देवी, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढच्या खेपेला गडावर चढूच नकोस. पायथ्याशी उभी राहा आणि कड्याच्या पोटातली लेणी खालून बघ. वाटा घसरड्या आहेत, जवळ जायचंच असेल तर थंडीत आणि माहितगार माणूस घेऊन. त्यातल्या एका लेण्यात ब्राह्मी अक्षरांत लिहिलंय की चिट नावाच्या यवनानं भिक्षूंच्या संघाला भोजनमंडप दिला. जुन्नरच्या लेण्यांत असे आणखी यवन दाते आहेत. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी दर्शनी भाग कोरून दिला. यवन म्हणजे ग्रीक, निदान पश्चिमेकडून आलेला परका माणूस. दोन हजार वर्षांमागं तो आपल्या भागात येऊन राहिला, कमावलं, आणि पंगतीची सोय करून गेला. पुढं काय झालं त्याचं कोण जाणे. मला ग्रीस बघायचं होतं, ते राहूनच गेलं.

आता नाणेघाट. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

जुन्नरहून घाटघरमार्गे जायचं. तुझ्याकडे स्कूटी आहे, मला एसटी होती. एसटीनं गेलीस तर उतरल्या उतरल्या पहिलं काम म्हणजे परतीची शेवटची गाडी किती वाजता ते कंडक्टरला विचारणं, आणि मग चहाच्या टपरीवाल्यालाही विचारणं. दोघांची वेळ जुळली तरच पुढं पाऊल टाकायचं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी जाऊ नकोस. तेव्हा तिथं गर्दी आणि धुकं असतं, आणि धुक्यात पोरं कड्याशी जाऊन सेल्फी काढतात. मधल्या वारी, सकाळी जायचं.

घाटाच्या तोंडाशी खडकात खोदलेली गुहा आहे. भिंतीवर नागनिका राणीचा लेख आहे, सातवाहनांचा. त्यात यज्ञ मांडलेत आणि दक्षिणाही मांडलीय : हत्ती, घोडे, कार्षापणं आणि हजारांनी गाई. आकडे तर इतके जुने की अंकांचा इतिहास लिहिणारे लोक तो लेख धुंडाळत येतात. मी मात्र तो बघून दर वेळी एकच विचार करायचे : एवढ्या गाई, धारा कोण काढत असेल? मागच्या भिंतीला राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता वर नावं तेवढी आहेत आणि खाली पावलं. बाकी सगळं झडून गेलंय. पावलांशी बसून भाकरी खाल्ली मी. कोकणातून वर येणारा वारा तिथं असा घुसतो की पदराला गाठ मारावी लागते.

पहिल्यांदा तिथून आले तेव्हा संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. जीभ जड झाली होती त्यांची, पण डोकं जागेवर होतं. लेख, पावलं, जिवधन गड, वानरलिंगीचा सुळका, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रांजणात पाणी होतं का?" घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे ना, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं म्हणतात, तो. मी त्याच्यापाशी उभी राहिले होते, पण आत वाकून बघितलंच नव्हतं. महिन्यानं परत गेले, फक्त रांजणात बघायला. हे ऐकून जाऊ म्हणाली, बाई, तुझं डोकं फिरलंय.

पण तिथून माझं बघणं बदललं. जिथं जाईन तिथं वाटायचं, आता हे काय विचारतील? बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, तर कोणत्या बोटाला किती? आहुप्याच्या कड्यावरून खालचं कोकण दिसतं, तिथल्या घरांवर कौलं की पत्रे? देवराईत वाळलेलं लाकूडही उचलत नाहीत म्हणतात, मग पडलेल्या झाडाचं काय होतं? माझी उत्तरं निम्मी चुकीची असणार. पण प्रश्न घेऊन गेलं की आठ तास पुरत नाहीत, आणि न पुरणं बरं असतं, पुढच्या खेपेला निमित्त होतं. तूही कोणाला तरी सांगायचं ठरवून जा. मोबाईलला नव्हे, माणसाला. मोबाईल उलटा प्रश्न विचारत नाही.

आंबेगावात उन्हाळ्यात जा. डिंभ्याच्या धरणाचं पाणी उतरतं तेव्हा. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं ते गाव धरणात गेलं. कचेरी घोडेगावला आहे. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते म्हाळुंगे पडवळचे, इथलेच. 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढं आडवे झाले ते. काठावरच्या म्हाताऱ्यांशी बोल, त्यांच्या बोलण्यात बुडालेल्या गावाचे उंबरे आणि पार येतात. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नकोस. त्यांचं घर आहे ते, आपल्याला दृश्य असलं तरी. मार्च-एप्रिलात डोंगरकोळ्यांच्या वाड्यांवर अंगणात हिरडा वाळत असतो. बाळहिरडा मूठभर विकत घे, खोकल्याला लागतो.

जवळचीही सोडू नकोस. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या तुला रोज दिसतात म्हणून दिसत नाहीत. तशा तीस आहेत, एकेक 45 मीटर रुंद. शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभं केलेलं काम ते. काही खोडदला एकत्र आणि बाकीच्या तीन बाजूंना लांबवर पसरलेल्या. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी लोकांना आत सोडतात. मोबाईल बंद ठेवावा लागतो, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी फार क्षीण असतात म्हणून. आणि बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे. सुमात्रा बेटावरच्या टोबाची राख आहे म्हणतात ती. 75,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुन्या, यावर संशोधक अजून भांडतात. थर उकरू नकोस. बघून ये फक्त. इंडोनेशियाची तिकिटं तुझ्या नवऱ्यानं बघितली होती ना, त्याला दाखव.

बारीकसारीक राहिलंच. भाकरीबरोबर लसणाची चटणी घे, भाजी नको, सांडते. पाणी दोन बाटल्या. गुडघे दुखतात त्यांनी काठीला लाजू नये, आणि ज्यांचे दुखत नाहीत त्यांनीही. दिवेलागणीला उसाच्या कडेनं पायी यायचं नाही. आपल्याकडे बिबट्या ही गोष्टीतली चीज नाही. उशीर झालाच तर फोन कर आणि स्टँडवरच थांब, कोणीतरी न्यायला येईल. गाई दहा मिनिटं हंबरतील, मरत नाहीत.

येत्या बुधवारी वासराला डॉक्टर यायचे नाहीत, मी विचारून घेतलंय. संध्याकाळची धार मी काढते, हात अजून चालतात. वैरण कापून ठेवलीस की झालं. तू घाटघरला जा. आणि वाकून बघ. मी दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा रांजणात तळाला हिरवं पाणी होतं आणि त्यात एक बेडूक. हे ऐकून तुझे आजेसासरे इतके हसले की उशी ओली झाली. आता काय आहे ते मला येऊन सांग.