नौकेचे डिझेल इंजिन बदलताना पंख्याची निवड

पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढल्या म्हणजे जुने इंजिन उतरवून नवे बसविण्याचे काम अनेक बंदरांत हाती घेतले जाते. इंजिनाची निवड विचारपूर्वक होते. पंखा मात्र पुष्कळदा जुनाच ठेवला जातो. परिणामी डिझेलचा खर्च वाढतो, इंजिन लवकर झिजते आणि ऐन वादळात किनारा टाळण्यासाठी लागणारे बळ हाती राहत नाही.

जुने इंजिन ३० अश्वशक्तीचे, मिनिटास १,५०० फेऱ्यांचे आणि गिअरबॉक्स दोनास एक प्रमाणाचा होता, असे समजू. पंखा मिनिटास ७५० फेरे घेई व ३० अश्वशक्ती पुरेपूर वापरी. नवे इंजिन ४० अश्वशक्तीचे, २,४०० फेऱ्यांचे आहे. गिअरबॉक्स तोच ठेवल्यास पंख्याचे फेरे १,२०० होतील. पंख्यास लागणारी शक्ती स्थूलमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे १.६ पट झाले तर शक्ती सुमारे चौपट, म्हणजे १२० अश्वशक्तीहून अधिक लागेल. ती नसल्याने इंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोहोचणारच नाही. तीनास एक प्रमाणाचा गिअरबॉक्स घेतल्यास पंखा ८०० फेरे घेईल व सुमारे ३६ अश्वशक्ती वापरील. जुना पंखा तेथे बहुतांशी जुळेल.

हाच नियम जमिनीवरही लागू आहे. इंदूरजवळील हातोदसारख्या गावी विहिरीवरील इंजिन बदलले, की पंपाचे फेरे पूर्ववत राखण्यासाठी पुलीचे माप बदलावे लागते. नौकेत पुलीचे काम गिअरबॉक्स करतो.

पंख्याची दोन मापे महत्त्वाची असतात : व्यास आणि पिच. घन पदार्थात स्क्रूप्रमाणे फिरल्यास एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल, ते अंतर म्हणजे पिच. १६ इंच पिचचा पंखा ८०० फेऱ्यांनी ताशी सुमारे साडेदहा सागरी मैल जावयास हवा. परंतु पाणी मागे ढकलले जात असल्याने प्रत्यक्ष वेग बराच कमी पडतो. जाळे ओढणाऱ्या संथ नौकेस मोठा व्यास व कमी पिच उपयुक्त ठरते. मात्र पात्याचे टोक व नौकेचा तळ यांत व्यासाच्या किमान दहा टक्के अंतर राखावे. शिडाच्या नौकेस दोन पात्यांचा किंवा मिटणारा पंखा सोयीचा असतो, कारण इंजिन बंद असता त्याचा पाण्यातील अडथळा कमी होतो. नव्या गिअरबॉक्सची फिरण्याची दिशा उलट असल्यास पंखाही त्या दिशेचा घ्यावा लागतो.

अंतिम निर्णय चाचणीवर अवलंबून ठेवावा. तळ स्वच्छ करून, नेहमीचा भार घेऊन, शांत पाण्यात इंजिन पूर्ण वेगाने चालवावे व फेरे मोजावेत. निर्धारित फेरे गाठले जात नसतील आणि काळा धूर येत असेल, तर पंखा जड आहे. पिच किंवा व्यास कमी करावा. फेरे सहज ओलांडले जात असूनही नौका मंद चालत असेल, तर पंखा हलका आहे. निर्धारित फेरे जेमतेम गाठणारा अथवा किंचित ओलांडणारा पंखा योग्य समजावा. कारण पुढे तळाला शेवाळ व शिंपले चिकटले म्हणजे भार वाढतच जातो.

नौका पाण्यात लोटण्यापूर्वी इंजिन, गिअरबॉक्स व पंखा या तिन्हींचा एकत्रित हिशेब कागदावर मांडावा, हेच हिताचे.