आधी तारीख बघ, मग गाडीची किल्ली घे

एडिसन, न्यू जर्सी

चि. ओंकार,


‘मामा, व्हिसा संपलाय, गाडी चालवली तर चालेल ना?’ असं तू विचारलंस. व्हॉट्सॲपवर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहून भागणार नाही, म्हणून हे पत्र.

पासपोर्टवरचा व्हिसा अमेरिकेत शिरण्यापुरता असतो. आत आल्यावर तो संपला म्हणून कोणी बेकायदा ठरत नाही. तुझा मुक्काम ठरतो तो आय-९४ वरच्या, म्हणजे तुझ्या प्रवेशाच्या नोंदीवरच्या तारखेवर. ती सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांत दिसते. आज रात्रीच बघ. मला धास्ती आहे ती तुझ्या पासपोर्टची. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची मंजुरी तीन वर्षांची असली, तरी पासपोर्ट आधी संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी पुष्कळदा पासपोर्टच्या मुदतीपर्यंतचीच तारीख देतो. पुढे पासपोर्ट नवा होतो, आय-९४ जुनंच राहतं, आणि मंजुरीचा कागद फायलीत आहे म्हणून माणूस निर्धास्त असतो. शिकलेसवरलेले लोक नेमके इथेच फसतात.

तुझ्या जॉर्जियात व्हिसावर आलेल्यांना मिळणाऱ्या लायसन्सची मुदतही मुक्कामाच्या मुदतीशी बांधलेली असते. म्हणजे एक तारीख गेली की बहुधा दुसरीही जाते. पुण्यात चौकातल्या मामांनी पावती फाडली की विषय संपतो. तुझ्याकडे वैध लायसन्सविना गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे, अटक होऊ शकते. मागचा दिवा बंद, एवढं कारणही गाडी थांबवायला पुरतं. काउंटीच्या तुरुंगात घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयमार्फत होमलँड सिक्युरिटीकडे जातात. शिवाय जॉर्जियाच्या २०२४ च्या कायद्यानं परदेशी कैद्याचा इमिग्रेशन दर्जा तपासणं तिथल्या तुरुंगांना बंधनकारक केलंय. मग जामीन भरला तरी आयसीई, म्हणजे इमिग्रेशनची अंमलबजावणी करणारी यंत्रणा, ‘आणखी ४८ तास ठेवा’ असं कळवू शकते. न्यू जर्सीत दर्जा न बघता साधं लायसन्स मिळतं. माझ्या शेजाऱ्यांचे दाखले तुला लागू नाहीत.

तारीख खरंच उलटली असेल, तर ‘टोरोंटोला जाऊन नवा शिक्का घेऊन येतो’ हा तुझा बेत सोडून दे. संपलेल्या व्हिशावर कॅनडातून परतण्याची सवलत आय-९४ जिवंत असेल तरच मिळते. १९९६ च्या कायद्यानुसार १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलास तर तीन वर्षं, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलास तर दहा वर्षं परत येता येत नाही. सगळा खेळ दिवसांचा आहे. वकील उशीर माफ करण्याचा अर्ज लावू शकतो, पण तो मंजूर करणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. वकिलाकडे जितक्या लवकर जाशील तितकं बरं.

तारीख शाबूत निघाली तर आय-९४ ची प्रत खिशात ठेव. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसानं ती बाळगावी असा कायदाच आहे. लायसन्स कचेरीतल्या फॉर्मवर मतदार नोंदणीचा रकाना असतो. त्यात ‘नागरिक आहे’वर खूण केलीस तर पुढे सगळे दरवाजे बंद होऊ शकतात, तिथे घाई नको. आणि शुक्रवारच्या पार्टीनंतर एक बिअरसुद्धा प्यायला असशील तर उबर घे. दारू पिऊन चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, गुन्हा शाबीत झाला नसला, तरी अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं.

कधी पोलिसानं थांबवलंच तर नाव खरं सांग, जे कागद आहेत तेच दे. इमिग्रेशनबद्दल विचारलं तर ‘वकिलाशी बोलून सांगतो’ म्हण. खोटं मात्र बोलू नकोस. कोर्टात लवकर सुटायचं म्हणून गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाला त्याचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल ते विचार. २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ते सांगणं वकिलावर बंधनकारक आहे.

ताईला एवढ्यात काही कळवू नकोस, ती उगाच झोप घालवून बसेल. आय-९४ आणि लायसन्स, दोन्ही तारखा बघून होईपर्यंत गाडी दारातच उभी राहू दे, ऑफिसला मित्राबरोबर जा. वकिलाची वेळ ठरली की मला कळव, मी फोनवर हजर राहीन. फीची काळजी करू नकोस.

तुझा,
मामा